नाशिकची पोरं आणि बर्फ: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

गेल्या अंकात गुडघेदुखीच्या एका उत्तरात जाता जाता मी लिहिलं होतं की कृत्रिम पाय लावून बर्फावर स्नोबोर्ड, म्हणजे दोन्ही पाय एकाच फळीवर बांधून घसरायचा खेळ, खेळणारी माणसं आहेत आणि त्यांच्यासाठी हिवाळी पॅरालिम्पिक म्हणून मोठी स्पर्धा होते. गुडघेदुखी राहिली बाजूला, सगळी पत्रं त्या एका ओळीवरच आली. म्हणून यावेळचं सदर पूर्ण त्यालाच दिलंय. मी फिजिओ आहे, पाय गेलेले, मणक्याला मार लागलेले पेशंट रोज बघते, त्यामुळे हा विषय निघाला की मला थांबता येत नाही, उत्तरं लांबली तर सांभाळून घ्या.

प्रश्न: ताई, माझा मुलगा १६ वर्षांचा आहे. दीड वर्षापूर्वी हायवेवर अपघात झाला आणि उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. आधी तो स्केटिंग करायचा. आता दिवसभर मोबाईलवर स्नोबोर्डचे व्हिडिओ बघतो आणि मला विचारतो, आई, यात इंडियाची टीम आहे का? मी काय उत्तर देऊ? (एक आई, सिडको)

उत्तर: खरं उत्तर द्या. पहिली हिवाळी पॅरालिम्पिक १९७६ साली स्वीडनमध्ये झाली, तेव्हापासून २०२२ च्या बीजिंगपर्यंत एकाही हिवाळी पॅरालिम्पिकमध्ये भारताचा खेळाडू उतरलेला नाही. उन्हाळी पॅरालिम्पिकमध्ये आपण आता खूप पुढे गेलोय, पॅरिसला २०२४ मध्ये २९ पदकं आणली त्यातली ७ सोन्याची, आपल्या सांगलीकडच्या सचिन खिलारीने गोळाफेकीत रौप्य आणलं, पण बर्फाकडे आपण अजून वळलेलोच नाही. हे त्याच्यापासून लपवू नका, तो स्वतः शोधून काढेल आणि मग तुम्ही पुढे जे सांगाल त्यावर त्याचा विश्वास बसणार नाही.

पण "नाही" एवढंच सांगून उठूनही जाऊ नका हो. तो टीम आहे का असं विचारतोय ना, त्याच्या मनात खरं तर "माझं काही होऊ शकतं का" हे आहे. माझ्याकडे येणारी या वयाची पोरं कधीच सरळ विचारत नाहीत, अशीच लांबून विचारतात.

स्नोबोर्ड हा हिवाळी पॅरालिम्पिकमधला नवा खेळ, २०१४ ला सोचीमध्ये पहिल्यांदा आला. त्यात हाताच्या अपंगत्वाचा एक गट आणि पायाचे दोन गट असतात. पायाच्या गटांत साधारण गुडघ्याच्या वरून पाय गेलेले एलएल-१ मध्ये आणि गुडघ्याखाली गेलेले एलएल-२ मध्ये. म्हणजे तुमचा मुलगा बहुतेक एलएल-२ मध्ये बसेल, पण ते शेवटी तपासणी करणारं पॅनेल ठरवतं, मी किंवा तुम्ही नाही.

त्याला माइक शुल्ट्झची गोष्ट सांगा. अमेरिकेचा माणूस, स्नोमोबाईलच्या, म्हणजे बर्फावरच्या मोटरसायकलसारख्या गाडीच्या शर्यती करायचा. २००८ मध्ये शर्यतीतच अपघात होऊन डावा पाय गुडघ्याच्या वर काढावा लागला. बाजारात मिळणारा कृत्रिम गुडघा चालण्यापुरता ठीक होता पण त्याला उड्या मारायच्या होत्या, मग पठ्ठ्याने स्वतःच्या वर्कशॉपमध्ये माउंटन बाईकचा शॉक अॅब्सॉर्बर वापरून स्वतःसाठी गुडघा बनवला आणि २०१८ ला प्याँगचँगमध्ये तोच गुडघा घालून सुवर्ण घेतलं. आणि मला सगळ्यात जास्त आवडतं ते हे, की त्याच्या विरुद्ध उतरणारे खेळाडू पण त्याने बनवलेले पाय वापरतात. ज्याला हरवायचं त्यालाच चांगला पाय करून द्यायचा, असा खेळ आहे हा.

आता कामाचं. तुमचा मुलगा अजून वाढतोय. या वयात कापलेल्या हाडाचं टोक आतून वाढू शकतं आणि कातडीला टोचायला लागतं, सॉकेट, म्हणजे कृत्रिम पायाची उरलेला पाय बसवायची वाटी, ती पण लवकर घट्ट होते, त्यामुळे तो "दुखत नाही" म्हणाला तरी दर काही महिन्यांनी स्टंप (पायाचा उरलेला भाग) आणि सॉकेट दाखवून आणा. रोज रात्री आरसा धरून स्टंपची कातडी त्यानेच बघायची, लाल डाग दाबून २० मिनिटांत गेला नाही तर दुसऱ्या दिवशी पाय लावायचा नाही. ही सवय लागल्याशिवाय कुठलाच खेळ नको. त्यानंतर घरात कृत्रिम पायावर वजन टाकून उभं राहणं, दात घासताना सुद्धा, मग लाकडी बॅलन्स बोर्ड, भिंतीचा आधार घेऊन. स्केटिंग केलेलं आहे ना, तोल कुठे जातो आणि कसा परत आणायचा हे त्याच्या अंगाला माहिती आहे, पाय गेला तरी ते गेलेलं नाही. सहा महिन्यांनी हेल्मेट, गुडघ्या-कोपराची पॅडं घालून स्केटबोर्ड, सपाट जागेवर आणि कोणीतरी सोबत असताना.

यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलं नसेल तर ते लगेच काढा, त्याशिवाय आपल्याकडे कुठल्याच पॅरा स्पर्धेचा फॉर्म भरता येत नाही असं समजा. आणि आधी पॅरा अॅथलेटिक्समध्ये जिल्हा, राज्य असं खेळू द्या, धावणं, लांब उडी, काहीही. स्पर्धेचा शर्ट एकदा अंगावर चढला की मुलगा बदलतो, हे मी खूप वेळा बघितलंय. बर्फ त्यानंतर. गुलमर्ग आणि मनालीला सरकारी संस्था आहेत, स्कीइंगचे कोर्स घेतात, पण फॉर्म भरण्याआधी फोन करून, पायाचे फोटो आणि डॉक्टरांचं पत्र पाठवून, कृत्रिम पायाच्या मुलाला घेणार का आणि शिकवणार कोण हे स्पष्ट विचारून घ्या. एवढ्या लांब जाऊन त्याला गेटवरून परत यावं लागलं तर तो पुन्हा विचारणार नाही.

प्रश्न: मागच्या वर्षी पेपरात वाचलं होतं की इटलीतल्या हिवाळी स्पर्धेत भारताच्या दिव्यांग खेळाडूंनी ३३ पदकं मिळवली. मग भारताची टीमच नाही असं तुम्ही कसं म्हणता? (निवृत्त शिक्षक, नाशिकरोड)

उत्तर: सर, तुम्ही वाचलेलं शंभर टक्के बरोबर आहे आणि मी म्हणते ते पण बरोबर आहे, कारण त्या दोन वेगळ्या स्पर्धा आहेत. मार्च २०२५ मध्ये तुरिनला झाली ती स्पेशल ऑलिम्पिकची हिवाळी जागतिक स्पर्धा, ती बौद्धिक अक्षमता असलेल्या खेळाडूंसाठी असते. आपले ३० खेळाडू गेले आणि ८ सुवर्ण, १८ रौप्य, ७ कांस्य घेऊन आले. त्यात स्नोशूइंग म्हणजे पायाला जाळीचे रुंद बूट बांधून बर्फावर पळणं होतं, स्कीइंग, स्नोबोर्डिंग, फ्लोअरबॉल, स्पीड स्केटिंग होतं. माझ्या मते त्या पोरांचा गावोगावी सत्कार व्हायला हवा होता, आणि पेपरात एक चौकट येऊन विषय संपला याचं मला आजही वाईट वाटतं.

पॅरालिम्पिक म्हणजे मुख्यतः शरीराचं अपंगत्व आणि दृष्टिदोष असलेल्यांची स्पर्धा, हिवाळी पॅरालिम्पिकमध्ये तर बौद्धिक अक्षमतेचा गट सध्या नाहीच. आणि कर्णबधिरांची डेफलिंपिक्स तिसरी, तिची हिवाळी स्पर्धा १९४९ पासून होते, म्हणजे पॅरालिम्पिकच्याही कितीतरी आधीपासून. स्पेशल ऑलिम्पिकमध्ये साधारण सारख्या कुवतीच्या खेळाडूंना एकत्र करून शर्यत लावतात, पॅरालिम्पिकमध्ये अपंगत्व किती आणि कुठलं यावर गट पडतात. शाळेत मुलांना सांगायचं झालं तर सर, तिन्ही वेगवेगळी सांगा, एकात मिसळू नका, कारण एका आईने मला सांगितलं की तिच्या ऐकू न येणाऱ्या मुलीला चुकीच्या स्पर्धेच्या नादी लावून एक अख्खं वर्ष वाया गेलं.

प्रश्न: पूर्ण आंधळा माणूस डोंगरावरून स्की कसा करतो आणि बंदूक कशी चालवतो? मित्रांनी माझ्यावर पैज लावलीये की हे फेक आहे. (कॉलेज विद्यार्थी, गंगापूर रोड)

उत्तर: पैज तू जिंकलास. डोंगरावरून येताना त्याच्या पुढे एक गाईड स्की करत असतो, दोघांच्या हेल्मेटमध्ये हेडसेट, गाईड सतत ओरडत असतो, डावं, उजवं, आता उतार, आता बर्फ कडक आहे. ज्यांना अगदीच दिसत नाही त्यांच्या गटात सगळ्यांना काळे केलेले गॉगल घालायला लावतात म्हणजे कोणाला थोडंफार दिसत असेल तर त्याचा फायदा नको. आणि पदक गाईडला पण मिळतं, गळ्यात घालून, शेजारी उभं करून.

बंदुकीचं तर मला स्वतःलाच पहिल्यांदा खरं वाटलं नव्हतं. तो खेळ बायथलॉन, स्की करत यायचं, १० मीटरवरच्या निशाणावर एअर रायफलने पाच गोळ्या मारायच्या, परत पळायचं. रायफलला आवाजाची सिस्टीम जोडलेली, कानात हेडफोन. नेम मध्याच्या जवळ जातो तसा सूर चढत जातो, सगळ्यात वरचा सूर लागला की ट्रिगर. म्हणजे गवय्या जसा षड्ज लावतो तसा नेम लावायचा, आणि तोही छाती धापा टाकत असताना.

अजून एक नाव सांगते, कॅनडाचा ब्रायन मॅकीव्हर. डोळ्यांच्या आजारामुळे मधलं दिसणं गेलं, फक्त कडेकडेचं दिसतं, आणि सुरुवातीची कितीतरी वर्षं त्याच्या पुढे गाईड म्हणून त्याचा सख्खा भाऊ रॉबिन स्की करायचा. क्रॉस कंट्रीमध्ये, म्हणजे बर्फावरच्या लांब पल्ल्याच्या स्की शर्यतीत, १६ सुवर्णं. २०१० मध्ये तर त्याची निवड नेहमीच्या ऑलिम्पिक संघात पण झाली होती, शर्यतीत मात्र उतरवलं नाही.

प्रश्न: सातपूरला माझं छोटं फॅब्रिकेशनचं शेड आहे. माझा निफाडचा मित्र द्राक्षबागेत काम करताना पडला, कमरेखाली काही जाणवत नाही, व्हीलचेअरवर आहे, पण हात लोखंडासारखे आहेत. बसून स्की करायची गाडी त्याच्यासाठी मी बनवू शकतो का? आणि बर्फच नाही तर बनवून उपयोग काय? (सातपूर)

उत्तर: दादा, तुमचं पत्र मी माझ्या नवऱ्याला वाचून दाखवलं. बनवू शकता, आणि बर्फ नसताना सुद्धा उपयोग आहे, नीट वाचा.

क्रॉस कंट्रीचं बसायचं स्की म्हणजे काय, तर हलकी अॅल्युमिनियमची फ्रेम, वर सीट, खाली दोन स्की आणि हातात दोन काठ्या, तेवढ्या काठ्यांनी रेटत किलोमीटरच्या किलोमीटर जायचं. इंजिन काय तर दंड, खांदे आणि पाठ. उन्हाळ्यात बर्फाळ देशातले खेळाडू सुद्धा स्कीच्या जागी चाकं लावून डांबरी रस्त्यावर सराव करतात, फ्रेम तीच. ब्राझीलचा ख्रिस्तियन रिबेरा बघा, जन्मापासून पायांचे सांधे आखडलेले, राहायला साओ पाउलोकडे जिथे बर्फाचं नाव नाही, चाकांवर सराव करून २०१८ ला वयाच्या १५ व्या वर्षी पॅरालिम्पिकला गेला आणि १५ किलोमीटरच्या शर्यतीत सहावा आला. ब्राझील त्याच्या फक्त चार वर्षं आधी, २०१४ ला पहिल्यांदा हिवाळी पॅरालिम्पिकमध्ये उतरला होता. आपल्याकडे शिवा केशवनने ल्यूजला, म्हणजे उताणं झोपून बर्फावरून घसरायच्या छोट्या गाडीला, चाकं लावून हिमालयातल्या घाटरस्त्यांवर सराव केला आणि सहा ऑलिम्पिक खेळला. बर्फ लागतो, नक्की लागतो, पण तो शेवटी लागतो.

फ्रेम करताना सगळ्यात महत्त्वाची सीट. ज्यांची पोट-पाठ चालते ते गुडघ्यांवर बसल्यासारखे पुढे झुकून बसतात, जोर जास्त लागतो. तुमच्या मित्राचं पोट चालत नसेल तर गुडघे कमरेपेक्षा वर येतील असं खोल बसवा नाहीतर तो पहिल्याच रेट्याला पुढे कोसळेल. ते आधी फिजिओकडून तपासून घ्या, अंदाजाने वेल्डिंग नको. कमरेला, मांड्यांना, पावलांना रुंद पट्टे. आणि दादा, त्याला खाली जाणवत नाही हे दर मिनिटाला लक्षात ठेवा, सीटमधला एक बोल्ट, कापडाची एक घडी एवढ्याने सुद्धा बेडसोअर, म्हणजे दाबाने होणारी जखम, होतो आणि तो भरायला महिने जातात, माणूस पलंगाला खिळतो. चांगलं कुशन, पहिल्या दिवशी १५ मिनिटं, उतरवून कातडी बघायची, मग पुढच्या दिवशी २०.

काठ्यांची टोकं कडक लागतात, कार्बाइडची, ती काय ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. ब्रेक नसतो म्हणून उतार अजिबात नको. एखाद्या कॉलेजच्या आवारातला सपाट डांबरी रस्ता परवानगी काढून रविवारी सकाळी गेट बंद करून वापरा, मेन रोडवर पहाटे सुद्धा दुधाच्या गाड्या सुसाट असतात, आणि सीट इतकी खाली असते की ड्रायव्हरला तो दिसणारच नाही.

निफाडच्या थंडीचं तुम्हाला वेगळं सांगायला नको, बागा वाचवायला शेकोट्या पेटवाव्या लागतात तिथे. मणक्याला मार लागलेल्या माणसाचं शरीर दुखापतीच्या खाली कुडकुडत नाही, घामही नीट येत नाही, त्यामुळे पाय गार पडले तरी त्याला कळत नाही आणि शेकोटीजवळ भाजले तरी कळत नाही. पहाटेच्या सरावाला दोन-दोन मोजे, आणि घरी आल्यावर पाय हाताने चाचपून बघायचे, शेकायचे नाहीत.

वेळ कशी मोजतात ते पण सांगते, कारण मित्र विचारणारच की माझ्यापेक्षा धडधाकट कमरेचा माणूस माझ्याच गटात कसा. बसून खेळणाऱ्यांचे एलडब्ल्यू-१० ते एलडब्ल्यू-१२ असे वर्ग आहेत आणि प्रत्येकाला एक टक्केवारी असते. समजा ८६ टक्के असेल आणि माणसाला १० मिनिटं लागली तर निकालात ८ मिनिटं ३६ सेकंद धरतात. घड्याळ पण अपंगत्व बघून चालतं.

गाडी झाली की मला कळवा, मी सीट बघायला येईन.

प्रश्न: राग मानू नका, पण शहरात धड रॅम्प नाहीत, बसमध्ये चढता येत नाही आणि तुम्ही बर्फावरच्या खेळांची स्वप्नं दाखवताय. हे श्रीमंत देशांचे लाड आहेत. (इंदिरानगर)

उत्तर: राग नाही, वाईट वाटलं, कारण रॅम्पबद्दलचं तुमचं म्हणणं खरं आहे. दोन वर्षांपूर्वी मी एका पेशंटला घेऊन एका मैदानावर गेले होते, गेटला चार पायऱ्या, रॅम्प नाही, बाजूचं मोठं गेट कुलूपबंद आणि किल्ली कोणाकडे ते कोणालाच माहीत नाही. मी आणि क्रिकेट खेळणारी दोन पोरं, आम्ही व्हीलचेअर उचलून आत नेली. उचलून नेलेलं त्या मुलीला अजिबात आवडलं नाही, ती परत आली नाही.

पण म्हणून आधी सगळे रॅम्प आणि मग खेळ, असं होत नाही हो. हे खेळ लाडातून आलेलेच नाहीत, ते दवाखान्यातून आलेत. १९४८ साली इंग्लंडमध्ये डॉक्टर गुटमन यांनी मणक्याच्या जखमेच्या सैनिकांसाठी तिरंदाजीची स्पर्धा घेतली, १६ जण होते, तिथून पॅरालिम्पिक उभं राहिलं. स्लेजवर बसून खेळायची आईस हॉकी १९६० च्या दशकात स्टॉकहोमच्या एका पुनर्वसन केंद्रात जन्मली, तिथल्या माणसांना अपंगत्व आल्यावरही हॉकी सोडायची नव्हती म्हणून. आणि आपले सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर, सैन्यात बॉक्सर, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, उपचार म्हणून पोहायला लागले आणि १९७२ ला हायडेलबर्गला ५० मीटर पोहण्यात देशाचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण आणलं. तेव्हा कुठे होते रॅम्प?

आणि मनावर घेतलं तर किती वेगाने होतं ते चीनकडे बघा. २०१८ पर्यंतच्या सगळ्या हिवाळी पॅरालिम्पिक मिळून त्यांचं एकच पदक होतं, व्हीलचेअर कर्लिंगचं, म्हणजे व्हीलचेअरवर बसून बर्फावर दगड सरकवायच्या खेळाचं. २०२२ ला घरच्या स्पर्धेत ६१ पदकं, यादीत पहिले. यजमानपद मिळाल्यावर पैसा ओतला हे खरं, पण खेळाडू तर शोधूनच आणले ना, ते आधी पण होतेच, घरात बसलेले. आपल्याकडे पण आहेत.

त्या मैदानाच्या रॅम्पसाठी मी अर्ज केलाय. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, त्यात सार्वजनिक जागा सुगम करायचं बंधन आहे. तुम्ही इंदिरानगरला राहता, तुमच्या जवळच्या मैदानासाठी तुम्ही करा, मी मसुदा पाठवते.

प्रश्न: ताई, मी पाचवीत आहे. माझे आजोबा व्हीलचेअरवर बसतात. आम्ही दोघांनी मोबाईलवर बर्फावर दगड सरकवायचा खेळ बघितला, त्यात व्हीलचेअरच्या मागे अजून एक जण खुर्ची धरून बसतो, तो कशाला? आणि दुसऱ्या कर्लिंगमध्ये झाडू मारतात तसे हे का नाही मारत? (पंचवटी)

उत्तर: बाळा, किती बारीक बघितलंस तू! दगड जवळजवळ २० किलोचा असतो, तो लांब काठीने ढकलायचा. ढकलताना खुर्ची बर्फावर मागे घसरते, म्हणून टीममधलाच दुसरा खेळाडू मागून ती घट्ट धरतो. झाडू मारला की दगड थोडा लांब जातो आणि सरळ जातो, पण व्हीलचेअर कर्लिंगमध्ये झाडू नाहीच, म्हणून दगड सुटला की सुटला, नंतर काही दुरुस्त करता येत नाही. कॅरममध्ये स्ट्रायकर सुटल्यावर आपण काही करू शकतो का, तसंच. आणि टीममध्ये बायका आणि पुरुष दोघं लागतात, असा नियमच आहे.

तुमच्या हॉलमध्ये फरशी आहे ना? खडूने एकात एक तीन गोल काढ. जुनी स्टीलची ताटली पालथी घाल, आजोबांना लांब काठी दे. खुर्चीचे ब्रेक लाव आणि मागे तू बस, दोन्ही हातांनी घट्ट धर. आजोबा ढकलताना हसवू नकोस त्यांना. सहा ताटल्या झाल्या की जागा बदला, तू ढकल आणि मधल्या गोलाजवळ कोणाची आहे ते आजोबांना सांगू दे.